नभोनाट्य लेखनाचा पुरस्कार : कोण देतं, कशावर देतात, आणि आपल्या भागातल्या लेखकाने काय सांभाळावं

ठाकुर्ली : गावात नाटक बसवायचं म्हटलं की आधी खर्चाचा हिशोब सुरू होतो. स्टेज, पडदे, लाईट, साऊंड, तालमीला जागा. बायकांच्या भूमिकेला कुणी मिळत नाही, मिळालं तर तारीख जुळत नाही. रेडिओसाठी नाटक लिहिणाऱ्याला यातलं काहीच करावं लागत नाही. त्याने फक्त लिहायचं. बाकी माईक, आवाज, संगीत हे केंद्रवाले बघतात. म्हणूनच रेडिओच्या नाटकाच्या नुसत्या लिखाणाला जे पुरस्कार दिले जातात, ते खेड्यातल्या माणसाच्या आवाक्यातले आहेत. पण त्याबद्दल आपल्याकडे कुणाला फारशी माहिती नसते. ती एका ठिकाणी मिळावी म्हणून हा लेख.

आधी शब्द समजून घेऊ. रेडिओला जुन्या मराठीत नभोवाणी म्हणायचे, त्यावरून रेडिओच्या नाटकाला नभोनाट्य हा शब्द पडला. छोटं, दहा-पंधरा मिनिटांचं असेल तर श्रुतिका म्हणतात. श्रुती म्हणजे कानाने ऐकलेलं. नाटकाचा जो लिहिलेला मजकूर असतो, म्हणजे संवाद, आवाजाच्या सूचना, कुठे थांबायचं हे सगळं, त्याला संहिता म्हणतात. आपण ज्या पुरस्काराबद्दल बोलतोय तो या संहितेचा. नट किती छान बोलला, संगीत किती गोड होतं, याचे मार्क वेगळे.

हे वेगळं काढून सांगायचं कारण असं की रेडिओच्या नाटकात सगळ्यात आधी विसरला जातो तो लेखक. 'पुन्हा प्रपंच' ही आकाशवाणी मुंबईची कौटुंबिक श्रुतिकामाला ऐकलेली माणसं अजून आपल्या तालुक्यात आहेत. टेकाडे भावजी म्हटलं की त्यांना बाळ कुडतरकरांचा आवाज आठवतो. मीना वहिनी म्हटलं की नीलम प्रभू, पंत म्हटलं की प्रभाकर जोशी. त्यांनाच विचारा, हे लिहायचं कोण? बहुतेकांना सांगता येत नाही. आवाज लक्षात राहतो, लिहिणारा राहत नाही.

बाहेरच्या देशांत यावर उपाय म्हणून लेखकाचे स्वतंत्र पुरस्कार सुरू झाले. इंग्लंडमध्ये पीटर टिनिसवूड नावाचे लेखक होते, ते 2003 साली वारले. त्यांच्या नावाने तिथल्या लेखकांच्या दोन संघटना मिळून वर्षातल्या सर्वोत्तम मूळ रेडिओ नाटकाच्या संहितेला पुरस्कार देतात. अट मुख्य एकच, नाटक मूळ पाहिजे. कादंबरीवरून केलेलं रूपांतर चालत नाही. त्याच्या जोडीला इमिसन पुरस्कार आहे, तो 1994 पासून, आणि तो रेडिओला नव्याने लिहिणाऱ्यासाठी राखलेला. म्हणजे मुरलेल्या लेखकांबरोबर नवख्याला एकाच आखाड्यात उतरवायचं नाही, एवढी समज त्यात आहे. आपल्या शंकरपटात नवी जोडी आणि मुरलेली जोडी यांचं गट पाडून पळवणं असतं, तसंच.

पण मला स्वतःला सगळ्यात भिडलेला पुरस्कार जर्मनीतला आहे. दुसऱ्या महायुद्धात हजारो जर्मन सैनिकांचे डोळे गेले. घरी परत आले तेव्हा सिनेमा नाही, पेपर नाही, रेडिओ हाच आधार. या युद्धात अंध झालेल्यांच्या संघटनेने 1950 मध्ये ठरवलं की रेडिओच्या नाटकाला पुरस्कार आपण द्यायचा. पहिला पुरस्कार 1952 साली एर्विन विकर्ट यांना दिला गेला. परीक्षक मंडळात अर्धे समीक्षक आणि अर्धे हे अंध सैनिक. विचार करा, नाटक फक्त कानाने जगलं की नाही हे ठरवायला यांच्यापेक्षा मोठा परीक्षक कोण मिळणार? पुढे फ्रीडरिश ड्युरेनमॅट, इंगेबोर्ग बाखमन अशा मोठ्या लेखकांनी हा पुरस्कार घेतला. तिकडच्या लेखकांत त्याला फार मान होता.

आता आपल्या देशाकडे येऊ. इथे दोन गोष्टींची गल्लत होते, तेवढी नीट समजून घ्या.

एक आहेत आकाशवाणी वार्षिक पुरस्कार. सत्तरच्या दशकापासून आकाशवाणी आपल्याच केंद्रांमध्ये ही स्पर्धा घेते. नाटक, रूपक, संगीत, नावीन्यपूर्ण कार्यक्रम, लहान मुलांचं समूहगान असे बरेच विभाग असतात. राष्ट्रीय एकात्मतेवरच्या कार्यक्रमासाठी लस्सा कौल यांच्या नावाचा पुरस्कार आहे. कौल हे श्रीनगर दूरदर्शनचे संचालक, 1990 मध्ये अतिरेक्यांनी त्यांची हत्या केली. तर या वार्षिक पुरस्कारांत तुम्ही-आम्ही घरून अर्ज करत नाही. केंद्राने तयार केलेला, प्रसारित झालेला कार्यक्रम केंद्रच पाठवतं. तुमचं नाटक केंद्राने घेतलं, चांगलं बसवलं आणि पुढे पाठवलं, तरच तुमची संहिता तिथवर पोचते. मान मिळतो तो सगळ्या कार्यक्रमाला.

दुसरी गोष्ट म्हणजे आकाशवाणीची अखिल भारतीय नभोनाट्य लेखन स्पर्धा. ही लेखकांची. हिंदीबरोबर मराठी आणि इतर भाषांतही संहिता मागवतात. नवीन लिहिणारे पुढे यावेत हाच तिचा हेतू. आपल्या कामाची ती ही. मात्र दर वर्षी ठरलेल्या तारखेला घोषणा होईलच असं धरून बसू नका. घोषणा झाली की केंद्रावरून सांगतात, आकाशवाणीच्या संकेतस्थळावर टाकतात. नाटकाची लांबी, शेवटची तारीख, किती प्रती, हे सगळं त्या घोषणेत असतं. मागच्या वेळचे नियम व्हॉट्सॲपवर फिरत असतात, त्यावर विसंबून पाकीट पाठवू नका.

भाषांचा मुद्दा आला म्हणून सांगतो. आकाशवाणीने 1956 साली नाटकांचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू केला. एका भाषेतलं चांगलं नाटक घ्यायचं, त्याची भाषांतरं करायची आणि देशभरच्या केंद्रांवरून आपापल्या भाषेत ऐकवायचं. म्हणजे मराठीत लिहिलेलं नाटक तमिळ, बंगाली, आसामी घरांत पोचायची सोय त्या काळात होती. आजही एखाद्या गावच्या लेखकाला स्वतःच्या खर्चाने हे जमणार नाही.

आपल्याकडचा इतिहासही काही कमी नाही. मुंबई केंद्र सुरू झालं 23 जुलै 1927 ला. नागपूर 1948, पुणे 2 ऑक्टोबर 1953. रत्नाकर मतकरींची 'वेडी माणसं' ही पहिली एकांकिका मुंबई आकाशवाणीवरून 1955 साली प्रसारित झाली. तेव्हा ते सतरा वर्षांचेही नव्हते. पुढे बँकेत नोकरी करत त्यांनी केवढं लिहिलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पु. ल. देशपांडे आकाशवाणीत होते. व्यंकटेश माडगूळकर पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात कितीतरी वर्षं होते. माणदेशातल्या धुळीची भाषा ज्याच्या लेखणीत होती तो माणूस शेतकऱ्यांच्या कार्यक्रमावर बसलेला होता, ही साधी गोष्ट नाही.

त्याच पुणे केंद्राने 1956 मध्ये युनेस्कोच्या मदतीने रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली दीडशेच्या आसपास गावं. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, लोक एकत्र बसून ऐकायचे, मग त्यावर चर्चा करायचे. नुसतं भाषण लावलं की माणसं उठून जातात, म्हणून भाषणाबरोबर संवाद आणि नाट्यप्रसंगही असायचे. खत कसं टाकायचं हे साहेबाने सांगितलं तर विसरतं, सासऱ्या-जावयाच्या भांडणातून ऐकलं तर राहतं.

आपल्या पट्ट्यात लिहिणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. ठाकुर्लीच्या शेजारच्या डोंबिवलीत शं. ना. नवरे राहायचे, पु. भा. भावे राहायचे. 2017 मध्ये नव्वदावं साहित्य संमेलन डोंबिवलीतच भरलं. पण तो सगळा रुळाच्या आजूबाजूचा कारभार झाला. मलंगगडाच्या पायथ्याचं, मुरबाड-शहापूरच्या पाड्यांचं बोलणं त्यात कितीसं आलं?

कानासाठी लिहिणं म्हणजे काय

जगातलं रेडिओसाठी म्हणून लिहिलेलं सगळ्यात जुनं गाजलेलं नाटक बीबीसीवर 15 जानेवारी 1924 ला झालं. रिचर्ड ह्यूज यांनी ते लिहिलं. गोष्ट कोळशाच्या खाणीतली. पाहुणे खाण बघायला गेलेत आणि दिवे जातात. सगळी पात्रं अंधारात. ऐकणाराही काही बघू शकत नाही आणि पात्रंही नाहीत, दोघं एकाच पातळीवर आले. बाकी सगळं आजही त्याच युक्तीवर चालतं. कानाला जे कळतं तेच लिहायचं.

स्पर्धेला आलेल्या संहिता मागे पडतात त्या बहुतेक इथेच. लिहिणारा स्टेज डोळ्यांसमोर ठेवून लिहितो. मग पात्र दुसऱ्याला नको ते सांगत बसतं. उदाहरण देतो, हे मीच रचलेलं आहे :

नातू : आजी, मी भर पावसातून भिजून आलो आहे आणि आपली डोंगराखालची दोन एकर जमीन विकण्याच्या कागदावर आत्ताच सही केली आहे. तू चुलीसमोर बसून अशी रागाने का बघतेस?

असं कुणी बोलतं का घरात? आता तोच प्रसंग असा ऐका :

(पत्र्यावर पाऊस. लांबून लोकलचा भोंगा. दाराची कडी.)
आजी : कोन हाय?
(उत्तर नाही. चपला काढल्याचा आवाज.)
आजी : त्या ओट्यावर नको ठेऊ, भिजतील. ... सही केलीस?
(नुसता पाऊस.)
नातू : तुला कोनी सांगितलं?
आजी : कोन सांगनार? आज आत येताना गाईला हाक नाय मारलीस.

पाऊस, पत्रा, रेल्वे जवळ आहे हे कळलं. जमीन हा शब्दसुद्धा आला नाही. गाय गोठ्यात आहे हे कळलं, आणि ती आता फार दिवस राहणार नाही हेही कळलं. यात सगळ्यात जास्त काम केलंय ते नातवाच्या गप्प बसण्याने. रेडिओत शांतता लिहावी लागते. पण ती सात-आठ सेकंदांपेक्षा लांबली की ऐकणाऱ्याला वाटतं स्टेशन गेलं. आणि शांततेखाली पाऊस, रातकिडे, पंखा असं काहीतरी चालू पाहिजे.

आवाज निवडताना फार हावरेपणा करू नये. पहिल्याच पानावर कोंबडा, ट्रॅक्टर, मंदिराची घंटा, मुलांचा गोंगाट, सगळं घातलं तर कुठलंच ऐकू येत नाही. एका जागेला एक ओळखीचा आवाज पुरतो. ठाकुर्लीत राहणाऱ्याला सांगायला नको, फास्ट लोकल न थांबता गेली तर फलाटावर कसा आवाज होतो आणि स्लो थांबायला आली तर कसा. एवढ्या एका फरकावर पात्र घाईत आहे की नाही ते दाखवता येतं.

पात्रंही कमीच ठेवा. चार-पाच आवाजांच्या पुढे ऐकणारा गोंधळतो. दोन तरुण मुलांचे आवाज सारखेच लागतात, त्यापेक्षा एक म्हातारा, एक बाई, एक पोरगा असं ठेवलं की नाव न घेताही ओळख पटते. पात्र खोलीत आहे पण बराच वेळ बोललं नाही, तर रेडिओवर ते मेलं असं समजा. मध्ये खोकू दे, हुंकार देऊ दे.

लांबी मोजायची तर शब्द मोजण्यापेक्षा घड्याळ लावा. मोठ्याने वाचा, आवाजांसाठी आणि थांब्यांसाठी जागा सोडा. अर्ध्या तासाच्या नाटकाला साधारण तीन, साडेतीन हजार शब्द भरपूर होतात, पण हळू बोलणाऱ्या आजीचं नाटक असेल तर तेवढेही नको. आणि एक काम जरूर करा, घरातल्या कुणाला तरी भिंतीकडे तोंड करून बसवून वाचून दाखवा. जिथे तो 'कोण बोललं?' विचारेल तिथे खूण करा.

बोलीचं काय करायचं

हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. स्पर्धेला पाठवायचंय तर पुस्तकी भाषेत लिहावं लागेल ना? माझं मत, पात्र जसं बोलतं तसंच लिहा. आगरी घरात 'पाणी' नाही, 'पानी' असतं. 'नळाला' नाही, 'नलाला'. हे कागदावर वाचताना कुणाला अशुद्ध वाटेल, पण रेडिओवर कुणी कागद बघत नाही. मात्र सूचना, कंसातला मजकूर, पात्रांची ओळख हे सरळ प्रमाण मराठीत ठेवा, कारण ते निर्मात्यासाठी आहे. आणि बोलीचा शब्द दुसऱ्या जिल्ह्यात कळणार नसेल तर पुढच्याच वाक्यात त्याचा अर्थ उलगडेल असं बघा. कंसात अर्थ देऊन उपयोग नाही, नट कंस वाचत नाही.

यात आपलं काहीतरी पणाला लागलेलं आहे. कल्याण-डोंबिवलीला लागून असलेल्या गावांत शेतजागी टॉवर आले. सत्तावीस गावं पालिकेत की बाहेर, हा वाद वर्षानुवर्षं चालला. या सगळ्यात माणसं आपसात ज्या भाषेत भांडली, रडली, ती भाषा सातबाऱ्यावर उतरत नाही. आगरी, कोळी, कुणबी, ठाकर, कातकरी, प्रत्येकाची बोलण्याची चाल वेगळी. नव्या इमारतीतल्या शाळेत जाणारी नातवंडं ती बोलत नाहीत. वारल्यानंतर एखाद्या आजीचा मोबाईलवरचा आवाज घरचे जपून ठेवतात, पण त्या आवाजात ती पूर्वी कशी भांडायची ते नसतं. नाटकात ते येऊ शकतं.

आणि रेडिओवाल्यांनीही सगळं जपलं असं नाही. पूर्वी टेप महाग, म्हणून प्रसारण झालं की ती पुसून त्यावर दुसरं ध्वनिमुद्रण करायचे. कितीतरी नाटकांचा आवाज असाच गेला. मागे उरली ती संहिता, तीही लेखकाने स्वतः ठेवली असेल तरच.

नाव आणि हक्क

म्हणून पाठवायच्या आधी एक प्रत घरी ठेवा. फोनवर फोटो काढून स्वतःलाच ईमेल करा, तारखेचा पुरावा राहतो. कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. त्यानुसार लिहिलं त्या क्षणापासून हक्क लेखकाचा, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. लेखकाच्या हयातीत आणि पुढे साठ वर्षं तो चालतो, म्हणजे मुलाबाळांनाही मिळतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर ते लेखी आणि सहीनिशीच पाहिजे. किती वर्षांसाठी ते लिहिलेलं नसेल तर पाच वर्षं धरतात, कुठल्या प्रदेशासाठी ते नसेल तर फक्त भारत. कुणी 'सगळे हक्क कायमचे' असं छापलेल्या फॉर्मवर सही मागत असेल, मग ती स्पर्धा असो, यूट्यूब चॅनेल असो की पॉडकास्टवाला, तर फॉर्म घरी आणा, जाणत्याला दाखवा. जमिनीच्या कागदावर आपण न वाचता सही करत नाही, निदान आता तरी करत नाही. ज्यांना नोंदणी करून ठेवायची असेल त्यांच्यासाठी मुंबईतली स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे, सभासद झालं की संहिता ऑनलाईन नोंदवता येते.

'मूळ' या अटीबद्दलही थोडं. टीव्ही मालिकेतला प्रसंग, वाचलेली कथा, दुसऱ्याची एकांकिका यावरून लिहिलेलं मूळ धरत नाहीत. आजीने सांगितलेली लोककथा कुणा एकाच्या मालकीची नसते, ती घेता येते, पण ती एखाद्या पुस्तकात वाचली असेल तर त्या लेखकाची वाक्यं उचलू नका. व्हॉट्सॲपवर आलेली 'सत्यकथा' तर अजिबात नको, ती आणखी दहा जणांनी पाठवलेली असणार.

कुठे द्यायचं

स्पर्धेची वाट बघत बसायचं कारण नाही. आकाशवाणी मुंबईचं केंद्र चर्चगेटला मंत्रालयाजवळ आहे, तिथल्या नाट्यविभागाकडे संहिता देता येते. निवडली तर मानधन मिळतं. नट म्हणून आवाज द्यायचा असेल तर मात्र आवाजाची चाचणी द्यावी लागते, ते वेगळं. केंद्रावर काय चालतं हे ऐकायचं तर अस्मिता वाहिनी 558 किलोहर्ट्झवर लागते. रुळाला खेटून राहणाऱ्यांच्या मीडियम वेव्हवर खरखर येते, त्यांनी मोबाईलवर 'न्यूज ऑन एअर' ॲपवर ऐकावं. पाठवायच्या आधी महिनाभर तरी तिथली नाटकं ऐकाच, न ऐकता लिहिलेलं लगेच ओळखू येतं.

सामुदायिक रेडिओ हा दुसरा रस्ता. बारामतीची शारदा कृषी वाहिनी, म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी ही शेतकरी आणि बायाबापड्यांसाठी चालवलेली केंद्रं आहेत. त्यांचा आवाज दहा-पंधरा किलोमीटरच जातो, पण गावच्या भाषेतल्या श्रुतिकेला तिथे जागा असते. केंद्र सरकारचे सामुदायिक रेडिओसाठी वेगळे राष्ट्रीय पुरस्कार आहेत, त्यात स्थानिक संस्कृती जपणाऱ्या कार्यक्रमांचा विभाग आहे. तिथेही अर्ज केंद्राकडूनच जातो.

राज्य सरकारची हौशी नाट्य स्पर्धा 1954 पासून आहे, त्यात लेखनाचं बक्षीस असतं, पण त्याला संघ आणि प्रयोग पाहिजे. गावात मंडळ असेल तर ती करा. एकटेच असाल तर नभोनाट्य.

पाठवताना कागदाच्या एकाच बाजूला लिहा किंवा टाईप करा, पानांना आकडे टाका, पात्रांची यादी वयासकट पहिल्या पानावर द्या. बऱ्याच स्पर्धांत लेखकाचं नाव संहितेवर नको, वेगळ्या कागदावर पाहिजे अशी अट असते. ती वाचायची राहिली तर चांगलं नाटकही न वाचता बाजूला पडतं.